मैनाक्काच्या शंभर माळा

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या राजाच्या राज्यात ती घडली त्याचं नाव आज कुणालाच सांगता येत नाही. पण ज्या बाईमुळे ती घडली, तिचं नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिलं. तिचं नाव मैनाक्का.

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. पन्नासेक घरं, मधे एक मोठं मैदान आणि गावाखाली खोल दरी. दरीतून एक नदी वाहायची. रुंदीला फार नव्हती, पण अंगात जोर असा की म्हैस पाण्यात उतरली तरी वाहून जायची. बाजार नदीपलीकडे होता. वैद्यबुवा नदीपलीकडे होते. गावातल्या निम्म्याहून अधिक लेकी नदीपलीकडे दिलेल्या होत्या. आयांनी या काठावर उभं राहायचं, लेकींनी त्या काठावर, आणि दोघींनी ओरडून ओरडून एकमेकींची खुशाली विचारायची. पाण्याच्या आवाजात निम्मं ऐकू यायचं, निम्मं यायचं नाही. गावाला एकच हवं होतं, ते म्हणजे पूल.

गाव तसं गरीब होतं, पण एका गोष्टीत त्याचा हात धरणारं दुसरं गाव नव्हतं. तिथे घरोघरी डुकराचं मांस मुरवून, आतड्यात भरून, धुरावर वाळवत. बारा बारा गाठींची एकेक माळ व्हायची. तिथले लोक तिला नुसतं 'माळ' म्हणत. चांगली जमलेली माळ चार-पाच महिने टिके. शिजताना तिचा वास सुटला की रस्त्याने जाणारा माणूस आपण कुठे निघालो होतो तेच विसरायचा.

आणि सगळ्या गावात उत्तम माळ कुणाची? मैनाक्काची.

मैनाक्का अंगाने भरलेली आणि मनाने त्याहून भरलेली. ती हसली की शेजारच्या घरातली लहान मुलं झोपेतून उठत. सुपारीएवढे मांसाचे तुकडे, त्यात बारीक चिरलेली चरबी, लसूण, मिरी, हळद, लवंग, थोडं तिरफळ आणि गेल्या उन्हाळ्यातला जांभळाचा सिरका. सगळं ती एका मोठ्या परातीत दोन्ही हातांनी कालवायची आणि कालवताना गाणी म्हणायची. काहीही मोजायची नाही. कुणी विचारलं, "अक्का, मीठ किती?" तर मूठ वर करून म्हणायची, "एवढं!"

तिच्या घरासमोर ठकूबाई राहायची. ठकूबाई अगदी उलट. बारीक चणीची, कमी बोलणारी. तिच्याकडे एक छोटा तराजू होता आणि दहा शेर मांसाला पाव शेर मीठ तोलल्याशिवाय ती परातीला हात लावत नसे. सात वर्षांपूर्वी एका लग्नघरी ती मैनाक्काला म्हणाली होती, "मैने, मीठ तरी तोलून घालत जा." त्यावर मैनाक्का भरल्या मांडवात हसली होती. म्हणाली होती, "अगं, ज्याच्या हाताला चव नाही त्याने तराजू घ्यावा!" सगळा मांडव हसला. ठकूबाई हसली नाही. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. समोरासमोर दारं, पण एकीने अंगण झाडायला घेतलं की दुसरी आत जायची.

एके दिवशी राजाचा कारभारी गावात आला. मैदानात घोडा बांधून त्याने गाव गोळा केलं.

"महाराजांनी एक पूल मंजूर केला आहे," तो म्हणाला. "पण पूल मागणारी गावं तीन आहेत आणि पाथरवटांची टोळी एकच. साठ माणसं आहेत. चार महिने ती दरीत तळ ठोकून राहतील. धान्य सरकारातून मिळेल. पण दिवसभर दगड उचलणाऱ्याला नुसत्या भाकरीवर ठेवून चालत नाही. दरीत रोज ताजं कालवण पोचवता येणार नाही. तेव्हा जे गाव चार महिने टिकेल असं मांस आधी तयार करून दाखवेल, पूल त्याचा. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला मी पाथरवटांना घेऊन येतो. साठा पाहीन आणि मग ठरवीन."

कारभारी गेला आणि गावाने एका सुरात आरोळी ठोकली. टिकणारं मांस! हे तर त्यांच्या हातचं काम!

पाटलांनी हिशेब केला. शंभर माळा लागतील. गावाने मिळून पोसलेला डुकरांचा कळप होता, तो या कामाला द्यायचं ठरलं. आणि माळा कुणी करायच्या हे विचारायचीसुद्धा गरज पडली नाही.

"मैनाक्का!" सगळे म्हणाले.

मैनाक्काने पदर खोचला. "शंभर काय, दोनशे सांगा!"

कामाला सुरुवात झाली. पहिले तीन दिवस झकास गेले. चौथ्या दिवशी सकाळी सिरक्याचं उकळतं भांडं उतरवताना तिचा हात घसरला आणि उजव्या तळव्याला चांगलाच चटका बसला. तिने कोरफडीचा गर लावला, वर चिंधी बांधली आणि पुन्हा परातीशी जाऊन बसली. कालवायला नवऱ्याला बसवलं. मीठ मात्र तिने स्वतःच घातलं. डाव्या मुठीने.

उरलेल्या सगळ्या माळांना मीठ असं डाव्या मुठीनेच पडलं.

शंभर माळा झाल्या. घरामागच्या धुराच्या खोलीत, वाशांना बांधलेल्या काठ्यांवर त्या टांगल्या गेल्या. खाली जांभळीच्या ओल्या लाकडांचा मंद धूर. जाळ नाही, नुसता धूर. रोज सकाळी मैनाक्का आणि तिचा नवरा सटवाजी वरच्या माळा खाली आणि खालच्या वर करायचे, म्हणजे सगळ्यांना सारखा धूर लागावा. आठव्या दिवशी माळा तांबूस काळ्या, तुकतुकीत दिसू लागल्या. गावातली माणसं खोलीच्या दारात येऊन नुसता वास घेऊन जायची. पाटील तर दिवसातून दोनदा यायचे. "अक्का," ते म्हणाले, "पुलाच्या पहिल्या दगडाला हळदकुंकू तुमच्या हातून."

मैनाक्काचे डोळे भरून आले. तिचीही लेक पलीकडे होती. नातवाला तिने आजवर लांबूनच पाहिलं होतं, काठावरून, आईच्या कडेवर.

पौर्णिमेला बारा दिवस उरले होते. सकाळची वेळ होती. मैनाक्काने चव बघायला एक माळ उतरवली आणि एक गाठ कापून पाटावर ठेवली. तेवढ्यात घरातली मांजर आली. ही मांजर म्हणजे पक्की चोरटी. मैनाक्काने तिला किती वेळा झाडूने हाकललं असेल याची गणती नव्हती. मांजरीने तुकडा हुंगला, मान वळवली आणि निघून गेली.

मैनाक्का हसायला लागली आणि हसता हसता थांबली. तिने तुकडा उचलून नाकाशी नेला. वरून धुराचा, लसणाचा खमंग वास. पण आत, अगदी आत, काहीतरी आंबूस. तिने बोटाने दाबलं. मधोमध मांस मऊ, चिकट होतं. घट्ट व्हायला हवं होतं, ते झालंच नव्हतं.

तिने दुसरी माळ उतरवली. ती उत्तम होती. तिसरी बिघडलेली. चौथी उत्तम. पाचवी, सहावी बिघडलेल्या. वरून सगळ्या सारख्याच, आणि एक गाठ चांगली निघाली म्हणून त्या माळेतल्या बाकीच्या अकरा चांगल्या असतीलच असं नव्हतं. रोज जागा बदलल्यामुळे आधीच्या कुठल्या आणि नंतरच्या कुठल्या हेही आता कळायला मार्ग नव्हता.

मैनाक्का मटकन खाली बसली. तिने आपले दोन्ही हात समोर धरले आणि मुठी मिटून पाहिल्या. उजवी मूठ मोठी होती. आयुष्यभर परात कालवून कालवून पंजा रुंद झाला होता. डावी मूठ लहान होती.

"मीठ कमी पडलं," ती म्हणाली. "अहो, ऐकलंत का? मीठ कमी पडलं हो."

सटवाजी धावत आला. त्याने हुंगून पाहिलं, विचार केला. माणूस वाईट नव्हता. फक्त बायकोची फजिती त्याला बघवत नव्हती.

"अगं, एवढं काय त्यात?" तो हळू आवाजात म्हणाला. "वास तर येतच नाही नीट. वरून मिरी घालू, जरा जास्त उकळायला सांगू. कारभारी वरवर बघणार, शंभर माळा मोजणार आणि जाणार. निम्म्या तर चांगल्याच आहेत."

"आणि उरलेल्या निम्म्या?"

"दरीत कोण येतंय विचारायला! चार महिने राबायला आलेली माणसं. कुणाचं पोट बिघडलं तर पाण्याचा दोष म्हणतील. तू नाव घालवू नकोस. आख्खं गाव तुझ्या नावावर नाचतंय."

 मैनाक्का उठून दरीच्या कडेला जाऊन उभी राहिली. खाली नदी नेहमीसारखी धावत होती. पूल व्हावा असं तिच्याइतकं कुणालाच वाटत नव्हतं. आणि पूल आता अगदी हाताशी आला होता. फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं किती सोपं असतं! पण तिला एक गोष्ट पक्की माहीत होती. असं बिघडलेलं मांस पोटात गेलं तर माणूस आडवा होतो, आणि आडवा झालेला प्रत्येक जण पुन्हा उठतोच असं नाही. पाथरवटांनाही आया असतील. त्याही कुठल्यातरी काठावर उभ्या असतील.

ती परत आली ती सरळ मैदानात. येताना घरातून पितळी थाळा आणि लाटणं घेऊन आली होती. तिने थाळा बडवायला सुरुवात केली. माणसं हातातली कामं टाकून धावत आली. कुणाला वाटलं आग लागली, कुणाला वाटलं पाहुणे आले.

"मंडळी," मैनाक्का म्हणाली. "माळा बिघडल्या. शंभरातल्या किती ते सांगता येत नाही, म्हणून शंभरही बाद. चूक माझी आहे. हात भाजला होता, मी डाव्या मुठीने मीठ घातलं आणि तोललं नाही. तोलायला हवं होतं. सात वर्षांपूर्वी मला एकीने सांगितलं होतं, तेव्हा मी तिला हसले. आज तुम्ही मला हसा. पण त्या माळा कुणाच्याही ताटात जाणार नाहीत."



मग हैबती पुढे आला. गावातला तापट माणूस. "हसायचं? हसायला काय उरलंय? आमचा कळप गेला! पूल गेला! चूक हिची आणि भोगायचं सगळ्या गावाने!"

"खरं आहे," मैनाक्का म्हणाली. तिने खाली पाहिलं नाही.

"आणि हे सगळ्यांसमोर कशाला ओरडलीस?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "आता ही बातमी शेजारच्या गावी जाईल. ते कारभाऱ्याच्या कानात घालतील."

"जाऊ दे," मैनाक्का म्हणाली. "बातमी गेली तर नाव जाईल. माळा गेल्या असत्या तर माणसं गेली असती."

तिने स्वतः कुदळ घेतली. गावाबाहेरच्या पडीक रानात तिने आणि तिच्यामागे मुकाट्याने आलेल्या सटवाजीने खोल खड्डा खणला. शंभर माळा त्यात टाकल्या. वर चुना, वर माती, मातीवर दगड, म्हणजे कुत्र्यांनीही उकरू नये. शेवटचा दगड ठेवून मैनाक्का वळली तर मागे ठकूबाई उभी होती.

सात वर्षांनी दोघी एकमेकींसमोर आल्या.

ठकूबाईच्या एका हातात तराजू होता. दुसऱ्या हातात दोरी, आणि दोरीला तिचं डुक्कर. तिथे प्रत्येक घरात एक डुक्कर सुगीच्या सणासाठी राखलेलं असायचं. वर्षाचा सण त्यावरच व्हायचा.

"पौर्णिमेला बारा दिवस आहेत," ठकूबाई म्हणाली. "तीन दिवस भरायला. आठ दिवस धुराला. एक दिवस हाताशी राहतो."

मैनाक्का तिच्याकडे बघतच राहिली. "ठकू, हे तुझं सणाचं आहे गं."

"माझ्या बहिणीला पलीकडे दिलीय," ठकूबाई म्हणाली. "तिच्याशी ओरडून बोलायचा कंटाळा आलाय. चल, तोंड काय बघतेस? मीठ मी तोलणार. मसाला तू घाल. माझ्या हाताला चव नाही, हे आख्ख्या मांडवाने ऐकलंय."

मैनाक्काला एकदम रडू फुटलं आणि त्याच वेळी हसूही फुटलं, आणि दोन्ही एकत्र बाहेर पडल्यामुळे तिला उचकी लागली. ते बघून ठकूबाई हसली. ठकूबाई हसते कशी हे गावाने सात वर्षांत पाहिलंच नव्हतं.

त्यानंतर काय झालं ते सांगायला मला फार आवडतं.

आधी पाटलांनी आपलं सणाचं डुक्कर आणून बांधलं. मग कुंभाराने, मग लोहाराने. मग एकामागून एक घरं रिकामी होऊ लागली. संध्याकाळी शेवटी हैबतीही आला. आला तो तणतणतच. "सण गेला, सगळं गेलं," तो म्हणाला, पण त्याच्या हातातली दोरी सगळ्यांत जाडजूड डुकराच्या गळ्यात होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मैदानच स्वयंपाकघर झालं. पन्नास पराती ओळीने मांडल्या. पुरुष मांस कापायला बसले. सुपारीएवढा तुकडा म्हणजे केवढा यावरून त्यांच्यात वाद लागला, तेव्हा मैनाक्काने प्रत्येकाच्या पाटावर खरीच एकेक सुपारी ठेवली. पाटलांना मिरी कुटायला दिली. ते एवढे शिंकले की त्यांची पगडी उडून सिरक्यात पडली, आणि पुढे बरेच दिवस पाटील चावडीवर आले की लोकांना भूक लागायची. बायका झऱ्यावर आतडी धुवायला गेल्या. मीठ आणि लिंबू चोळून, उलटीसुलटी करून, सात पाण्यांतून काढून त्यांनी ती काचेसारखी नितळ आणली. म्हातारे बांबूच्या नळ्या तासत बसले. नळी आतड्याच्या तोंडात धरायची आणि वरून अंगठ्याने मांस ढकलायचं. ज्यांचे दात गेले होते पण अंगठे शाबूत होते, अशांना फार दिवसांनी कुणीतरी महत्त्वाचं काम दिलं होतं.

ठकूबाई प्रत्येक परातीपाशी तराजू घेऊन जायची. दहा शेरांना पाव शेर. खडाभर जास्त नाही, खडाभर कमी नाही. तिच्या मागून मैनाक्का यायची, मसाला घालायची, हुंगायची, चिमूटभर तिरफळ वाढवायची. तिच्या तळव्याला अजून चिंधी होती, म्हणून कालवायला ती दुसऱ्यांना शिकवायची. "अरे, कणीक तिंबतोयस का? मांस आहे ते! हळू घे, हळू!"

दुपारी मैनाक्काने गाणं सुरू केलं. हळूहळू सगळं मैदान गाऊ लागलं. भरलेल्या आतड्याला केळीच्या सोपटाने, म्हणजे वाळल्या सालीच्या दोऱ्याने, गाठी मारायच्या होत्या. गाण्याच्या प्रत्येक ओळीला एक गाठ, आणि बारा ओळी झाल्या की एक माळ पुरी. करवंदीच्या काट्याने गाठी टोचून आतली हवा काढायचं काम हैबतीने मागून घेतलं. म्हणाला, "मला टोचायला बरं जमतं." हे तो स्वतःच म्हणाल्यामुळे सगळे पोट धरून हसले.

सटवाजी मैनाक्काजवळ येऊन बसला. "तुला गप्प बस म्हणालो होतो," तो म्हणाला.

"म्हणाला होतात."

"बरं झालं ऐकलं नाहीस."

मैनाक्काने त्याच्या हातात बांबूची नळी दिली. "आता हात चालवा," ती म्हणाली.

सुगीचा सण त्या वर्षी झाला नाही असं नंतर कुणी म्हणालं तर गावातले लोक वाद घालायचे. ते म्हणायचे, सण त्या वर्षी झाला, आणि तीन दिवस झाला.

तीन दिवसांत एकशेवीस माळा झाल्या. त्या एका खोलीत मावेनात, म्हणून घराघरांत वाटून टांगल्या. आठ दिवस गावातल्या प्रत्येक आढ्यातून जांभळीचा धूर वर जात होता. रोज सकाळी मैनाक्का आणि ठकूबाई घराघरांतून फिरायच्या. मैनाक्का वास घ्यायची, ठकूबाई दाबून पाहायची. आठव्या दिवशी दोघींनी प्रत्येक माळेतली एक गाठ कापली आणि आतपर्यंत पाहिली. एकशेवीसच्या एकशेवीस घट्ट, लालसर, खणखणीत.

पौर्णिमेला कारभारी आला. मागे साठ पाथरवट, आणि पुढे त्यांचा नाईक. नाईक म्हणजे उंच, रापलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस. हात दगडासारखे आणि डोळे शांत. मैदानात एकशेवीस माळा दोरीवर टांगलेल्या होत्या. कारभाऱ्याने त्या मोजल्या. पण त्याच्या कपाळावर आठी होती.

"साठा तर दिसतोय," तो म्हणाला. "पण वाटेत मी दुसऱ्या गावी थांबलो होतो. तिथल्या लोकांनी मला सांगितलं, की या गावात माळा करणारी मुख्य बाईच मांस बिघडवते. शंभर माळा पुरल्या म्हणे. हे खोटं असेल तर सांगा."

 हैबतीने तोंड उघडलं, आणि पाटलांनी त्याच्या पायावर पाय दिला.

मैनाक्का पुढे आली. "खरं आहे, साहेब. शंभर माळा माझ्या हातून बिघडल्या. मीच पुरल्या. या माळा नंतर सगळ्या गावाने केल्या, मीठ तोलून."

कारभाऱ्याने मान हलवली. "मग मी या माणसांना कसं सांगू, की निर्धास्त खा?"

तेव्हा नाईक पहिल्यांदा बोलला. "साहेब, एक विचारू?" आणि तो मैनाक्काकडे वळला. "बाई, त्या शंभर माळा बिघडल्यात हे कुणाला कळलं आधी? कुणी पकडलं तुम्हाला?"

"कुणी नाही," मैनाक्का म्हणाली. "मीच पाहिलं. मीच थाळा वाजवून गावाला सांगितलं."

"सांगितलं नसतं तर कुणाला कळलं असतं?"

मैनाक्काने जरा विचार केला. "तुम्हाला," ती म्हणाली. "खाल्ल्यावर."

नाईक मोठ्याने हसला. त्याचे साठही जण हसले. मग तो कारभाऱ्याला म्हणाला, "साहेब, मी चाळीस वर्षं पूल बांधतोय. आजवर बावीस गावांनी मला जेवू घातलं. प्रत्येक गावाने सांगितलं, आमच्याकडे कधीच काही बिघडत नाही. आणि त्यातल्या बारा गावांत माझी माणसं आजारी पडली. दोन तर मी गमावली. आपलं बिघडलं हे स्वतः सांगून स्वतः फेकणारं गाव मला आज पहिल्यांदा भेटलंय. मी दुसरीकडे जेवणार नाही."

आणि तो तिथेच मैदानात मांडी घालून बसला. "वाढा," तो म्हणाला. "वाटेत काही खाल्लेलं नाही."

मग काय विचारता! चुली पेटल्या, तवे चढले, गाठी चुरचुरायला लागल्या. कारभाऱ्याने आधी एक तुकडा जपून खाल्ला, मग दुसरा कमी जपून, आणि पाचव्या तुकड्यानंतर त्याच्या कपाळावरची आठी कुठे गेली ते त्यालाही कळलं नाही.

चार महिने पाथरवट दरीत राहिले. चार महिने माळा खाली जात राहिल्या आणि एकाही माणसाचं पोट दुखलं नाही. उन्हाळा तापू लागला तेव्हा शेवटचा दगड बसला. गाव पुलावरून पलीकडे गेलं आणि पलीकडचं गाव अलीकडे आलं. आया आणि लेकी पुलाच्या मधोमध भेटल्या, आणि सवयीने एकमेकींच्या कानाशी मोठमोठ्याने ओरडून खुशाली विचारत राहिल्या. हळू बोललं तरी आता ऐकू जातं, हे त्यांच्या लक्षात यायला बराच वेळ लागला.

पुढे मैनाक्काच्या माळांचं नाव सगळ्या राज्यात झालं. लांबलांबून माणसं पूल ओलांडून यायची. ती मांस हुंगून बघायची नाहीत, दाबून बघायची नाहीत. फक्त विचारायची, "मैनाक्काच्या गावचं ना?" आणि घेऊन जायची.

तात्पर्य : जो आपली चूक वेळेवर आपल्याच तोंडाने सांगतो, त्याच्या हातचं लोक निर्धास्त खातात.